दोरी आणि हमीपत्र

जयनगर ही बंगळूरच्या दक्षिणेस १९४८ साली आखलेली वसाहत. तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात आणि हे शेजारपण चालवण्यासाठी त्यांना कोणत्याही धोरणपुस्तिकेची गरज भासत नाही. अर्थात शेजाऱ्यांमध्ये एकाचे पोट दुसऱ्याच्या हाती नसते. कारखान्यात ते असते, आणि नैतिक प्रश्न तेथूनच सुरू होतो.

शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, म्हैसूर रस्त्यावरील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीचा कारखाना आहे. कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. मालकीचा फार मोठा वाटा जपानी, उरलेला किर्लोस्करांचा. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे एक तत्त्व असे, की दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून इशारा द्यावा आणि गरज पडल्यास सारे काम थांबावे. ‘आंदोन’ नावाची ही व्यवस्था वरवर तांत्रिक वाटते. वस्तुतः ती नैतिक आहे. ज्याला अन्यत्र केवळ ‘हात’ म्हणून मोजले जाते, त्याच्या डोळ्यांवर आणि निर्णयावर ती भरवसा टाकते.

मार्च २०१४ मध्ये वेतनकराराच्या वादातून येथे टाळेबंदी झाली. कामगार उत्पादनात अडथळे आणतात, पर्यवेक्षकांना धमकावतात, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. टाळेबंदी उठली ती प्रत्येकाने सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करावी या अटीवर, आणि ती अट कामगारांनी नाकारली. सुट्या भागातील दोष दाखवण्यासाठी ज्याचा शब्द प्रमाण, त्याचा शब्द वेतनाविषयी बोलताना संशयास्पद कसा ठरतो?

अशा वेळी संस्कृतिभेदाचे स्पष्टीकरण हाताशी असतेच: जपानी माणूस समूहनिष्ठ, भारतीय कामगार भांडखोर. (‘मानव संसाधन’ हा शब्द रुळला तेव्हाच माणूस हा कोळशासारखा साठा मानला गेला होता, आता त्या साठ्याला संस्कृतीची प्रतवारीही लाभली.) परंतु खुद्द टोयोटात १९५० साली मोठी कामगार कपात आणि तीव्र संघर्ष झाला, आणि संस्थापक किइचिरो टोयोदा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातील परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा निघाला तो १९६२ मध्ये. म्हणजे ज्याला जपानी स्वभाव म्हटले जाते तो भांडणातून, दोन्ही पक्षांनी किंमत मोजून घडवलेला करार होता. तो स्वभाव समजून बिडदीत आणता येत नाही. करार म्हणून कदाचित आणता आला असता.

भागीदाराच्या घराण्याची स्मृतीही येथे अप्रस्तुत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत रात्रीच्या राखणीवर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली होती. हा निर्णय कोणत्या संस्कृतीचा म्हणावा? जातीने आणि तुरुंगाने बांधलेल्या त्या काळच्या समाजाचा तर तो नव्हताच.

नोव्हेंबर २०२० मध्ये बिडदीत पुन्हा टाळेबंदी झाली. निमित्त संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याच्या निलंबनाचे होते. कामाच्या वाढत्या वेगाची तक्रारही त्यामागे होती. हमीपत्र पुन्हा पुढे आले. हा संघर्ष मार्च २०२१ पर्यंत चालला.