हो म्हणा, आणि थांबा

पाठ टेकवून बसा. घाई नको. हळू आवाजात एकदा ‘हो’ म्हणा आणि लगेच पुढचं काही बोलू नका.

पुन्हा म्हणा. या वेळी लक्ष तोंडाकडे असू द्या. जिभेला टाळूशी काम नाही, दातांशी नाही. ‘ह’ म्हणजे नुसता बाहेर पडणारा श्वास. ओठ गोल झाले की त्याचाच ‘हो’ होतो. याहून कमी कष्टाचा शब्द शोधून काढावा लागेल. म्हणूनच कदाचित तो इतक्या भाषांत इतक्या कामांना लागला असावा.

आधी घरातला ‘हो’ घेऊ. “जेवलास?” “हो.” हा होकार. आता वाकून नमस्कार करणाऱ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून आजी म्हणते, “मोठा हो.” तोच शब्द, पण आता तो क्रियापद आहे, आशीर्वाद आहे. आणि “ऐकता का हो?” यातला ‘हो’ समोरच्याला साद घालतो, त्याचा मान ठेवतो. तिन्ही वाक्यं सावकाश, मोठ्यानं म्हणून पाहा. होकारात आवाज खाली उतरतो, आशीर्वादात रेंगाळतो, हाकेत वर चढतो. कोणता ‘हो’ कुठे लावायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. ऐकता ऐकता ते अंगात मुरलं.

संस्कृतातल्या ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि मराठीत ‘होय’. म्हणजे आपला होकार मुळात ‘असं आहे’ एवढंच सांगतो. इथे थोडं थांबा. आज सकाळपासून तुम्ही दिलेले होकार आठवा. फोनवरचे, दारातले, ऑफिसातले. त्यांतल्या कितींमध्ये ‘असं आहे’ होतं, आणि किती फक्त समोरच्याचं बोलणं संपावं म्हणून दिले? हिशेब मांडू नका. एखादा आठवला तरी पुरे.

आता वऱ्हाडात या. अकोल्यात, अमरावतीत होकाराला ‘हाव’ म्हणतात. “हाव ना बाप्पा!” यात जो जिव्हाळा आहे तो ‘होय’मध्ये नाही, असं मला मनापासून वाटतं. पुस्तकी मराठीत मात्र ‘हाव’ म्हणजे लोभ, आणि गोव्यात कोकणी माणूस ‘हांव’ म्हणतो तेव्हा तो ‘मी’ म्हणत असतो. होकार, लोभ आणि मी! अचलपूर-बाळापूरच्या बाजारात उर्दू-हिंदी कानावर पडते: “कैसे हो?” मराठी कान त्यातला शेवटचा शब्द “कसे काय हो?”च्या चालीवर ऐकतो, पण हिंदीत तो ‘आहात’च्या जागी उभा आहे. दोघांना उत्तर एकच मिळतं, “बरं आहे”, त्यामुळे मधला फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. असे न उमगलेले फरक रोज किती होत असतील!

आणखी वर चला. परतवाड्याहून घाट चढा किंवा अकोटवरून उत्तरेकडे निघा. समोर सातपुडा, सागाचं रान, धारणी आणि चिखलदरा. हा मेळघाट. इथल्या गावांत कोरकू बोलतात. कोरकू मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही, आणि शेजारच्या गोंडीसारखी द्राविडीही नाही. ती मुंडा कुळातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून तिचे सुमारे ७ लाख २७ हजार भाषक नोंदले गेले. इंग्रजी अमदानीतले भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात वऱ्हाडी सातव्या खंडात (१९०५) आणि कोरकू चौथ्या खंडात (१९०६) आहे. एकाच बाजारात खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या या दोन भाषा. त्यांचे पूर्वज मात्र वेगळे.

कोरकूची सख्खी नाती पूर्वेला, नऊशे किलोमीटरच्या आसपास दूर, झारखंडच्या सिंहभूमकडे आहेत. तिथल्या एका भाषेचं नावच ‘हो’. त्या भाषेत ‘हो’ म्हणजे माणूस. मुंडारीत तो ‘होडो’, संतालीत ‘होड’, आणि मेळघाटात ‘कोरो’. पूर्वेकडच्या भावंडांत मूळच्या ‘क’चा ‘ह’ झाला, कोरकूनं ‘क’ जपून ठेवला. ‘कोरो’चं अनेकवचन म्हणजे ‘कोरकू’, माणसं. लोकांनी स्वतःला दिलेलं नाव एवढंच: आम्ही माणसं.

आता तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणा, आणि या वेळी तो ‘माणूस’ या अर्थानं म्हणून पाहा. जमत नाही लगेच. ओठ तसेच गोल होतात, श्वास तसाच निघतो, पण मन होकाराकडेच धावतं. धावू द्या. आपलं मन आपल्या भाषेच्या किती मुठीत असतं ते इथे कळतं. नेपाळी माणसाचा ‘हो’ आपल्यासारखाच होकाराचा. हंगेरीत ‘हो’ असं लांबवून म्हटलं तर ते बर्फ. व्हिएतनाममध्ये सपाट सुरात म्हटलं तर खोकला. तिथली मनंही आपापल्या अर्थाकडे अशीच धावत असणार.

दुसरा एक शब्द घेऊ, तो मला जास्त हलवतो. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून दार वाजलं की आतून आवाज येतो, “कोन हाय?” कोरकूत ‘कोन’ म्हणजे मुलगा. पूर्वेकडे मुंडारीत तोच ‘होन’. एकाच्या तोंडी जो अनोळखी माणसाला विचारलेला प्रश्न, तो दुसऱ्याच्या कानी पोटच्या पोराचं नातं. यात कुणाचं चुकलं नाही. फक्त दार वाजवणारा आणि दार उघडणारा यांच्यात एक भाषा उभी आहे.

आता मनासमोर मेळघाटातली पहिलीची शाळा आणा. पोर घरी कोरकू बोलून आलेलं, हातातलं पुस्तक मराठी. गुरुजी पान शिकवतात आणि विचारतात, “समजलं का?” वर्ग एका सुरात म्हणतो, “हो.” तो ‘हो’ नीट ऐका. मुलांच्या लगेच लक्षात आलेलं असतं, की या प्रश्नानंतर हा आवाज केला की गुरुजी खूष होतात. ‘असं आहे’ त्या ‘हो’मध्ये नाही. दवाखान्यातही असंच घडतं. “औषध वेळेवर देता ना?” “हो.” कागदावर खूण होते, आणि औषध दिवसातून किती वेळा द्यायचं हे आईला कळलेलं असतंच असं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला त्याची काळजी वाटते. ज्या मेळघाटातल्या बालमृत्यूंची आकडेवारी आपण इतकी वर्षं वाचत आलो, तिथे एका न उमगलेल्या होकाराचं मोल फार मोठं आहे. आणि हेही विसरू नये की बाजारात, बसमध्ये वावरणारा कोरकू माणूस बहुधा कोरकू, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निभावून नेतो. त्याच्याशी बोलणारे आपण बहुतेक वेळा एकाच भाषेत उभे असतो.

शेवटी थोडा वेळ त्या वर्गातच बसून राहा, आणि गुरुजींचा प्रश्न मनातल्या मनात बदलून पाहा. ज्याला ‘हो’ हे उत्तरच देता येणार नाही असा प्रश्न हवा. कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून विचारा, “याच्यात जे आहे त्याले तुमच्या घरी काय म्हणतात?” पोरं आधी एकमेकांकडे पाहतील. मग एखादं म्हणेल, “डा.” कोरकूत पाणी म्हणजे ‘डा’. फळ्यावर ‘पाणी’ लिहा, शेजारी ‘डा’ लिहा, आणि मग पुस्तक उघडा.