कार्टूनातला कारकून

वर्ध्याचा मे महिना हा काही तत्त्वचिंतनाचा महिना नव्हे. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की वर्धेकर माणूस दोनच प्रश्नांचा विचार करतो. एक, कूलरच्या टाकीत पाणी आहे का. आणि दोन, नसलं तर ते टाकायला कोण उठणार. पण यंदा सुट्टीत नागपूरहून नात आली आणि भर दुपारी, ओल्या खसच्या वासात, तिने मला एका नैतिक पेचात टाकलं. टाकीत पाणीही शेवटी मलाच टाकावं लागलं, पण तो वेगळा विषय आहे.

नात सतरा वर्षांची आहे. कार्टून ही चीज दुधाचे दात पडायला लागले की सुरू होते आणि अक्कलदाढ येण्याआधी संपते, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. 'द लीजंड ऑफ कोरा' नावाची एक अमेरिकन कार्टून मालिका आहे, २०१२ ते २०१४ या काळात आलेली. ती ही मुलगी तिसऱ्यांदा बघत होती. बघता बघता तिने मोबाईल गादीवर आपटला.

"आबा, हा अन्याय आहे!"

"कोणावर?"

"कुविरावर."

मला वाटलं, कॉलेजातली कोणी मैत्रीण असेल. तसं नव्हतं. कुविरा ही त्या मालिकेतली एक बाई. तिच्या देशात राणीचा खून होतो आणि लुटालूट, दरोडे, उपासमार असा नुसता गोंधळ माजतो. कुविराबाई एका शहराच्या पहारेकऱ्यांच्या प्रमुख. त्या पदर खोचून (म्हणजे त्यांच्या गणवेशाला पदर असता तर खोचून) बाहेर पडतात आणि तीन वर्षांत एकेक प्रांत ताळ्यावर आणतात. दरोडेखोर नाहीसे होतात, लोकांना धान्य मिळतं. मग गादीच्या वारसाचा राज्याभिषेक ठरतो. बाईंच्या छातीवर पदक लावतात आणि म्हणतात, आता कारभार सोपवा. बाई भर समारंभात सांगतात, सोपवत नाही. राजेशाही जुनी झाली, इथून पुढे साम्राज्य आणि त्याची प्रमुख मी. पुढे मग विरोधकांसाठी छावण्या, एक महाभयंकर शस्त्र, आणि शेजारच्या राज्यावर हल्ला.

"तीन वर्षं तिने सगळं नीट केलं, तेव्हा चाललं सगळ्यांना," नात तणतणली. "आणि लेखकांना व्हिलन हवा म्हणून एकदम वाईट करून टाकली! तो राजपुत्र बघा जरा. त्याला स्वतःचे केस सोडून काही सांभाळता येत नाही. त्याच्या हातात देश द्यायचा?"

खरं सांगतो, मला कुविराबाई पटल्या. तिची एक चिलखती आगगाडी आहे, ती ठरल्या वेळी ठरल्या जागी येते. इथेच माझं पाणी झालं. वेळेवर येणाऱ्या गाडीला मी आयुष्यात एकदा भुललेलो आहे.

जुलै १९७५ मध्ये माझी नागपूरची पॅसेंजर चुकली, कारण ती वेळेवर आली. तोवरच्या अनुभवानुसार मी अर्धा तास उशिरा घरून निघालो होतो. वर्धा स्टेशनात पोहोचलो तर गार्डाचा डबा मला पाठ दाखवून चाललेला. दुसरा कोणी असता तर चिडला असता. माझी छाती अभिमानाने फुगली. वाटलं, हा देश आता सुधारला!

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. नुकतंच लग्न झालेलं, नोकरी नुकतीच कायम झालेली. शाळांचे कागद जिथे येत अशा एका कचेरीत मी कारकून-टंकलेखक होतो. आणीबाणी जाहीर झाली २५ जूनच्या रात्री. त्यानंतर आठ दिवसांत आमच्या कचेरीत असे चमत्कार घडले की विचारू नका. अकराला उगवणारे हेडक्लार्क पावणेदहाला मस्टरजवळ लाल पेन घेऊन बसू लागले. भिंतीवर 'बाते कम, काम ज्यादा' अशी पाटी लागली. ती वाचायला दोन दिवस एवढी गर्दी होत होती की कामच कमी झालं.

दुसरी पाटी होती 'अनुशासन पर्व'. हे दोन शब्द तर आमच्या गावातूनच देशात गेलेले. पवनार वर्ध्यापासून आठ किलोमीटर. तिथे धाम नदीच्या काठी विनोबा २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराच्या मौनात होते. त्या मौनात त्यांनी लिहिलेले हे दोन शब्द सरकारने उचलले आणि देशभर भिंतींवर रंगवले. काही लोक विनोबांना 'सरकारी संत' म्हणू लागले. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की शासन सत्ताधाऱ्यांचं असतं, अनुशासन आचार्यांचं. पण तोवर भिंती रंगून झाल्या होत्या, आणि भिंतीवर खुलासा रंगवायची पद्धत आपल्याकडे नाही. पुढे जून १९७६ मध्ये विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याच आश्रमातल्या 'मैत्री' मासिकाच्या प्रती पोलिसांनी उचलून नेल्या. ज्याचा शब्द भिंतीवर, त्याचं मासिक पोलिसांच्या गाडीत. कार्टूनमध्ये असं दाखवलं असतं तर नात म्हणाली असती, अतिशयोक्ती आहे.

आता आमच्या शेजारच्या मास्तरांचं सांगतो. मास्तर खादीवाले, जयप्रकाशांच्या बाजूचे. सर्वोदयाच्या मंडळींत विनोबा की जयप्रकाश अशी फूट पडली, तेव्हा मास्तर विनोबांना नमस्कार करून जयप्रकाशांकडे गेले. त्यांच्याकडे नागपूरचं वर्तमानपत्र यायचं. मास्तरांचं वाचून झालं की ते मधल्या भिंतीवरून आमच्या अंगणात पडायचं. दुपारी मी ते घडी घालून परत करायचो. असा आमचा शेजारधर्म होता आणि त्यात माझे महिन्याचे पैसे वाचत.

जुलैतच एका पहाटे मास्तरांना मिसाखाली नेलं आणि नागपूरच्या तुरुंगात ठेवलं.

मी काय केलं? मी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्र लावलं. आणीबाणीत झालेली माझी आर्थिक हानी ती एवढीच. मास्तरांच्या फाटकावरून जाताना मी पलीकडच्या बाजूने चालू लागलो. समोरच्या पानठेल्यावर एक अनोळखी माणूस रोज उभा राहून आमच्या घरांकडे बघायचा. तो साध्या वेशातला पोलीस आहे याची मला खात्री होती. तीन महिने मी त्याला भ्यायलो. शेवटी कळलं, तो विम्याचा एजंट होता. मी सरकारी माणूस म्हणून तोच मला भीत होता, त्यामुळे पॉलिसी घ्या म्हणायची त्याची हिंमत होत नव्हती.

आमची ही मात्र मधल्या भिंतीवरून वाटी द्यायची थांबली नाही. भाजीची, वरणाची, संक्रांतीला तिळगुळाची. मी म्हटलं, "अगं, कोणी बघितलं तर?" ती म्हणाली, "वरण आहे. बघू द्या." मास्तरीणकाकूंकडून वाटी कधी रिकामी आली नाही. घरात मिळवता माणूस नाही, पगार बंद, तरी वाटीत चार मुरमुरे का होईना, असायचे. ते मुरमुरे मी खायचो.

नात ऐकत होती. तिला वाटलं मी विषय सोडून भटकतोय. तसं नाही. मला तिच्या मालिकेतलं वैगुण्य दाखवायचं होतं. म्हटलं, "तुझ्या कुविराबाईंचा अधःपात एकदम होत नाही. जी बाई तीन वर्षं कोणाला न विचारता सगळं नीट करते, ती चौथ्या वर्षी विचारायला लागेल असं मानणं हा आपला भाबडेपणा. त्या राज्याभिषेकाच्या दिवशी तिच्यात काहीच बदल झाला नाही. खुर्ची सोडायचा दिवस तेवढा पहिल्यांदा आला. आमच्याकडे तो १२ जून १९७५ ला आला. अलाहाबादच्या न्यायालयाने इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली. चार वर्षांपूर्वी बांगलादेशाच्या युद्धानंतर ज्यांना लोक दुर्गा म्हणाले होते, त्याच ह्या बाई. युद्ध जिंकलं ते खरं होतं, पॅसेंजर वेळेवर आली तीही खरी होती. तेव्हा लेखकांनी अन्याय केला नाही. पण चूक केली. छावण्या दाखवल्या, पण छावणीत कोण जाणार याची यादी कोणीतरी टाईप केली असेल ना? तो कुठे आहे? तुझ्या कार्टूनात कारकून नाही!"

कारण यादी मी टाईप केली होती. १९७६ मध्ये नसबंदीची उद्दिष्टं आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून निभावलं. कायदा झाला नाही, पण उद्दिष्टं होती. अमुक मास्तराने अमुक केसेस आणायच्या. ज्यांनी आणल्या नाहीत त्यांची यादी कार्बन घालून तीन प्रतींत माझ्याकडे आली. यादी जुनीच होती, त्यात आमच्या शेजारच्या मास्तरांचंही नाव राहून गेलेलं. उद्दिष्ट तीन. पूर्तता निरंक. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. हेडक्लार्कना विचारलं तर ते म्हणाले, "रकाना मोकळा ठेवायचा नाही." मी टाईप केलं: 'सध्या कारागृहात.'

अक्षर सुबक आलं होतं. तिन्ही प्रतींत. यादीतल्या बाकीच्यांचं काय झालं? काहींची वेतनवाढ अडली. काही जण घाबरून खेड्यातून म्हातारे धरून आणू लागले. मी कोणाला धरलं नाही, कोणाला मारलं नाही. मी फक्त रकाने भरले. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते आता पाठ झालंय.

नात म्हणाली, "आहे ना कारकून. बोलिन."

"हा कोण?"

बोलिन हा त्यातला एक भोळा, चांगला मुलगा. तो कुविराबाईंच्या सैन्यात नोकरी धरतो. लोकांना मदत होतेय असं त्याला मनापासून वाटतं. खरं काय ते कळल्यावर तो नोकरी सोडून पळून जातो.

"तुम्ही बोलिन आहात, आबा."

मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो पळून गेला. मी त्याच कचेरीतून सेवानिवृत्त झालो. शाल आणि श्रीफळ मिळालं.

शेवट काय झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी १९७७ मध्ये बाईंनी आपणहून निवडणुका जाहीर केल्या. कुविराबाईंना हे सुचलं नव्हतं, तेव्हा तेवढं श्रेय द्यायला हवं. मार्चमध्ये त्या स्वतः रायबरेलीत पडल्या, उत्तरेत पक्ष भुईसपाट झाला. न्याय झाला म्हणावं, तर आम्ही वर्धेकरांनी त्याच निवडणुकीत त्यांच्याच पक्षाचा खासदार निवडून दिला! आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे; इथे एक गोष्ट ठरते आणि दुसरी होते, याची आम्हाला सवय आहे. मी मत कोणाला दिलं ते सांगणार नाही. मतदान गुप्त असतं, शिवाय आमची ही शेजारच्या खोलीत आहे. आणि तीन वर्षांनी, जानेवारी १९८० मध्ये, अख्ख्या देशानेच बाईंना परत आणलं. असा शेवट कोणी कथेत लिहिला असता तर संपादकाने 'एक काय ते ठरवा' म्हणून साभार परत पाठवला असता.

मास्तर एकोणीस महिन्यांनी सुटले. आले ते निम्म्या वजनाचे होऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी मधल्या भिंतीवरून वर्तमानपत्र आमच्या अंगणात पडलं. माझं स्वतःचं आधीच येऊन पडलेलं होतं. दोन्ही तुळशीजवळ शेजारी शेजारी. मी माझं उचलून आत लपवलं आणि मास्तरांचं वाचत बसलो. महिनाअखेरीला माझं बंद केलं.

त्याच वर्षी जुलैत पराभूत इंदिराबाई विनोबांना भेटायला पवनारला आल्या. मी सायकल काढली. बघतो तर फाटकाशी मास्तरही सायकलीला टांग मारताहेत.

"मास्तर, तुम्ही?" मी विचारलं. "त्यांना बघायला?"

"आपल्या गावच्या पाहुण्या आहेत," ते म्हणाले.

पवनारला ही गर्दी. पावसाळ्याचे दिवस, धाम नदी गढूळ होऊन वाहत होती. चार महिन्यांपूर्वी पडलेल्या बाईंसाठी लोक पुलावर दाटीवाटीने उभे होते. मी ठेंगणा, मला फक्त छत्र्या दिसल्या. मास्तर उंच.

"दिसल्या का?"

"दिसल्या."

"काय करताहेत?"

"नमस्कार करताहेत. लोक पण करताहेत."

"आणि तुम्ही?"

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांचे दोन्ही हात सायकलीच्या हँडलवर होते, की त्यांनी ते मुद्दाम तिथे ठेवले होते, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. एकोणीस महिन्यांत आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते, थोडं फिरवून, मी विचारलं. "मास्तर, जे झालं ते योग्य झालं असं वाटतं तुम्हाला?"

"कोणाचं म्हणता?" मास्तर म्हणाले. "बाईंचं, की तुमचं?"

नातीने कूलरचं बटण बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. पाऊस आला."

"आबा, खरं सांगा."

"अगं, खरंच आला होता. मास्तरांकडे छत्री होती. एकच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "दोघं आलात त्या छत्रीतून?"

"हो," मी म्हटलं, "आठ किलोमीटर," आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.