परतीची तारीख कोणी ठरवायची?

13 जुलै 2014. रिओतल्या माराकाना स्टेडियमवर विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता. जर्मनीचा ख्रिस्टोफ क्रामर अर्जेंटिनाच्या एझेकिएल गरायच्या खांद्यावर जोरात आदळला आणि कोसळला. थोडी तपासणी झाली, तो उठला आणि पुन्हा खेळू लागला. काही वेळानं त्यानं रेफरी निकोला रिझोली यांना विचारलं, की ही फायनलच आहे ना? रिझोलींना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी ही गोष्ट जर्मन खेळाडूंच्या कानावर घातली. अखेर 31व्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, संघाचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना आणि कोट्यवधी लोक पाहत असताना, डोक्याला मार लागलेला 23 वर्षांचा व्यावसायिक खेळाडू दहा मिनिटांहून अधिक काळ मैदानावर राहिला. वैद्यकीय सोयींची तिथे वाण नव्हती. पुढे खेळायचं की नाही याचा कौल घाईघाईत, आणि बराचसा ज्याचं भान हरपलं होतं त्याच्याच उठून उभं राहण्यावरून, घेतला गेला. क्रामरच्या बाबतीत हे घडू शकतं, तर शालेय स्पर्धेतल्या बारा वर्षांच्या मुलाच्या ‘सर, मी ठीक आहे’ या शब्दांवर किती विसंबायचं? माझं म्हणणं एवढंच आहे: डोक्याला मार लागलेल्या मुलानं मैदानात कधी परतायचं, हे सामन्याच्या गडबडीत कुणाच्याही अंदाजावर सोडू नये, ते आधीच लिहून ठेवलेल्या नियमानं ठरावं.

यामागचं पहिलं कारण या दुखापतीच्या स्वरूपातच आहे. हात मोडला तर सूज दिसते, एक्स-रे काढता येतो, प्लास्टर सहा आठवडे सगळ्यांना आठवण करून देतं. कन्कशनमध्ये, म्हणजे धक्क्यानं मेंदूला होणाऱ्या इजेत, यातलं काहीच नसतं. धक्क्यानं मेंदूच्या पेशींमधला क्षारांचा समतोल बिघडतो. तो सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावू शकतो. हा बिघाड कामकाजातला असल्यानं सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. शुद्ध हरपणं हे कन्कशनचं लक्षण मानलं जातं, पण दहातल्या एखाद्याच मुलाची शुद्ध जाते. बाकीचे चालतात, बोलतात, चेंडूमागे धावतातही. खुणा बारीक असतात: पोरगा चुकीच्या बाजूला पास देतो, स्कोअर किती झाला हे पुन्हा पुन्हा विचारतो, उत्तर द्यायला वेळ लावतो, उजेडाकडे पाहणं टाळतो. काही लक्षणं तर त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी वर येतात. म्हणजे सामना चालू असताना मुलाला स्वतःलाही पूर्ण कल्पना नसते.

दुसरं कारण हितसंबंधांचं आहे. मैदानावर त्या क्षणी हजर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मुलानं खेळावं असंच वाटत असतं. मुलाला जागा गमवायची नसते, कोचला सामना हरायचा नसतो, आईबाबांना निवड समितीपुढे पोरगा दिसायला हवा असतो. यात कुणी दुष्ट नसतं, पण तटस्थही कुणी नसतं. याची किंमत किती, ते 2016 साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासानं मोजलं. कन्कशन झालेल्या 69 किशोरवयीन खेळाडूंपैकी ज्यांना लगेच बाहेर काढलं गेलं, त्यांना बरं व्हायला सरासरी 22 दिवस लागले. जे खेळत राहिले त्यांना 44. उरलेली काही मिनिटं खेळण्यासाठी तीन आठवडे जास्त मोजावे लागले. ‘मोठी मॅच आहे, एवढी खेळू दे’ हा हिशेब खेळाच्याच भाषेत तोट्याचा ठरतो.

आणि कधी कधी किंमत दिवसांत मोजता येत नाही. 2011 साली उत्तर आयर्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सन हा 14 वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला, सामना संपता संपता कोसळला आणि वाचला नाही. पहिल्या धक्क्यातून न सावरलेल्या मेंदूला दुसरा धक्का बसल्यानं मृत्यू, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. असे मृत्यू अतिशय दुर्मीळ आहेत आणि त्यांच्या कारणाबद्दल तज्ज्ञांत मतभेदही आहेत. म्हणूनच माझा युक्तिवाद मी भीतीवर उभा करत नाही. त्याला वरचे 22 आणि 44 हे आकडे पुरेसे आहेत.

अमेरिकेनं हा प्रश्न कायद्यानं हाताळला. वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा 13 वर्षांचा मुलगा 2006 साली अमेरिकन फुटबॉल खेळताना जखमी झाला, त्याच सामन्यात परतला आणि कायमचा अपंग झाला. 2009 साली त्याच्या नावानं झालेल्या कायद्याचा गाभा तीन कलमांत मावतो: हंगामापूर्वी पालक आणि खेळाडूंनी माहितीपत्रक वाचून सही करायची, शंका येताच खेळाडूला बाहेर काढायचं, आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय परत घ्यायचं नाही. पाच वर्षांत सर्व 50 राज्यांत या धर्तीचे कायदे झाले. पुढे 2015 साली, पालकांनी केलेल्या दाव्यातल्या तडजोडीनंतर, अमेरिकी सॉकर महासंघानं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू, मारायला बंदी घातली.

इथे पहिला आक्षेप येतो: हेडर बंद केला की झालं, परतीच्या नियमांचा एवढा बाऊ कशाला? हेडरचा प्रश्न खराच आहे. ग्लासगो विद्यापीठानं 2019 साली 7,676 माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट होतं. पण तो प्रश्न आयुष्यभराच्या लहान-मोठ्या धक्क्यांचा आहे. मुलांच्या कन्कशनचं चित्र वेगळं आहे. अमेरिकी हायस्कूल सॉकरच्या 2015 सालच्या विश्लेषणात मुलांची सुमारे 69 टक्के आणि मुलींची 51 टक्के कन्कशन्स दुसऱ्या खेळाडूशी टक्कर होऊन झालेली दिसली. हेडर मारताना झालेल्या दुखापतींतही चेंडूपेक्षा समोरच्याचं डोकं आणि कोपर जास्त घातक ठरतं. शिवाय मुलींमधलं कन्कशनचं एकूण प्रमाण मुलांपेक्षा दीडपटीहून जास्त होतं. टकरा पूर्णपणे थांबवायच्या तर फुटबॉलच बंद करावा लागेल. टक्कर झाल्यानंतरचा निर्णय मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप असा, की तीन-तीन आठवडे घरी बसवून मुलं मऊ पडतील. पण घरी बसवा असं कुणी म्हणतच नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला विज्ञानानं मोडीत काढला आहे. 2022 साली अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञ परिषदेचं मत असं: पहिले एक-दोन दिवस तुलनेनं विश्रांती, मोबाइलचा पडदा कमी, मग चालणं, हलकी सायकल, नंतर धावणं, चेंडूसह पण टक्कर न होणारा सराव, मग वैद्यकीय परवानगीनं पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यायचा. त्रास वाढला तर मागे यायचं. शाळा आधी पूर्ववत व्हायला हवी, सामना नंतर. गणिताच्या तासाला ज्याचं डोकं ठणकतं त्याला पेनल्टी बॉक्सच्या गर्दीत उतरवण्यात शहाणपण नाही. ब्रिटनच्या 2023 सालच्या हौशी खेळासाठीच्या मार्गदर्शक सूचनांनी या पायऱ्यांना तारीखही जोडली: 21 दिवसांच्या आत सामना नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नियम इतका कडक केला, तर मुलं त्रास लपवतील. लपवतील, आणि आजही लपवतातच. म्हणूनच नियम मुलाच्या तोंडी कबुलीवर उभा नको, मोठ्यांना दिसलेल्या खुणांवर हवा; आणि बाहेर पडण्याचा भुर्दंड संघाला बसायला नको. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळानं 2021 पासून डोक्याच्या दुखापतीसाठी जादा बदली खेळाडूचा प्रयोग केला आणि पुढे तो नियमांतच आणला, तो याच विचारानं. क्रिकेटनं ते 2019 मध्येच केलं होतं. नियम सगळ्यांना सारखा आणि आधीपासून ठाऊक असला, की ‘मला का बसवलं’ या रडण्यालाही अर्थ उरत नाही, आणि कोचवरही घाबरट असल्याचा शिक्का बसत नाही.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. कोल्हापुरात तालमींच्या नावानं फुटबॉल जगला, गोव्यात तो गावागावात आहे, मुंबईत शालेय स्पर्धांची परंपरा शतकाहून जुनी आहे. बहुतेक मैदानांवर डॉक्टर नसतो, हे खरं. पण नेमकं म्हणूनच नियम हवा. जिथे तज्ज्ञ नाही तिथे अंदाज सर्वांत धोक्याचा, आणि कॅलेंडर सर्वांत स्वस्त. वारंवार उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, मानेत वेदना किंवा हातपाय लुळे पडणं यातलं काहीही दिसलं, तर थेट हॉस्पिटल. हे ओळखायला पदवी लागत नाही.

तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या शाळा, क्लब आणि मंडळांना विनंती आहे. पुढच्या हंगामाच्या प्रवेशअर्जावर तीन ओळी छापा: डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडू बाहेर आणि त्या दिवशी परत नाही, त्याच्या जागी जादा बदली खेळाडू मिळेल, 21 दिवस आणि डॉक्टरांची चिठ्ठी झाल्याशिवाय पुढचा सामना नाही. खाली कोच आणि पालक, दोघांच्याही सह्या घ्या. याला पैसे लागत नाहीत, कायद्याची वाट पाहावी लागत नाही, आणि कुठल्याही ट्रॉफीची किंमत मुलाच्या मेंदूपेक्षा जास्त नाही.