साठीनंतरचा विद्यार्थी

१९२४ साली आजारपणामुळे रवींद्रनाथ ठाकुरांचा अर्जेंटिनातला मुक्काम लांबला. तिथे ‘पूरबी’ या संग्रहातल्या कविता लिहिताना खोडलेल्या ओळी ते रेघांनी जोडत जात आणि पानावर पक्षी, मुखवटे, अनोळखी श्वापदे उमटत. तिथल्या त्यांच्या यजमान, लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंनी ती वही पाहिली. १९३० मध्ये पॅरिसला रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेही ओकाम्पोंच्याच खटपटीने. तेव्हा चित्रकार एकोणसत्तर वर्षांचा होता. मागे राहिली ती चित्रे दोन हजारांहून अधिक.

शब्दावर हुकमत असलेला, जगाने डोक्यावर घेतलेला हा कवी. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. तरीही उतारवयात तो तिच्यापुढे नवशिका होऊन बसला, याचे मला फार अप्रूप वाटते. आपण वृद्धांना एकतर सल्ला विचारतो, नाहीतर गोळी घेतली का, ते विचारतो. आज नवीन काय शिकलात, हे कोण विचारतो?

अमेरिकेत जीन कोहेन या मनोविकारतज्ज्ञाने वृद्धांनी काही शिकत राहिले तर काय होते, हे २००१पासून काही वर्षे तपासले. वॉशिंग्टनमधल्या वृद्धांचा एक गायकवृंद व्यावसायिक मार्गदर्शकाकडे नियमित तालीम करी आणि जाहीर कार्यक्रमही करी. सरासरी वय ऐंशीच्या घरात. वर्षभराने पाहिले तर तुलनेसाठी निवडलेल्या वृद्धांपेक्षा यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी होत्या, औषधे कमी, पडण्याचे प्रसंगही कमी. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे गाण्याला औषध म्हणायची घाई मी करणार नाही. कोहेन यांचा भर दोन गोष्टींवर होता: आपल्याला जमते आहे हा अनुभव आणि माणसांची सोबत.

आपल्याकडच्या भजनी मंडळात या दोन्ही गोष्टी आहेत. एकादशीला टाळकरी आला नाही तर कुणीतरी घरी चौकशीला जाते. अभंगाची चाल चुकली तर बुवा थांबवतात, पुन्हा म्हणायला लावतात. ते थांबवणे मला मोलाचे वाटते. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत कॅरम आणि वर्तमानपत्रे असतात, ती असावीतच. पण तिथे आठवड्यातून दोनदा पेटी, चित्र किंवा नाटक शिकवणारा माणूस यावा, त्याला पगार मिळावा आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजींचा कोमल गंधार चढा लागला तर त्याने तो, वयाकडे न पाहता, दुरुस्त करावा.