गुरूचे नाव

कळव्याला जलद गाड्या थांबत नाहीत. आमच्या बाईंचा गाण्याचा वर्ग रुळांजवळच्या एका चाळीत भरे. गाडी धडधडत आली की बाई थांबत. ती गेली की म्हणत, ‘‘हं, पुन्हा सा लाव.’’ प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत पाच वर्षे मी तो सा लावला.

पुढे मुंबईला विद्यापीठात संगीत शिकायचे ठरले. अर्जात ‘गुरूचे नाव’ असा रकाना होता. ज्यांच्या शिबिरात चार दिवस बसलो होतो, त्या नामवंत गवयांचे नाव मी तिथे लिहिले. चार दिवस का होईना, शिकवले होतेच की! मनाला वकील लगेच मिळतो.

एकदा गंडा बांधल्यावर दुसऱ्या घरचे शिकणे पूर्वी बेइमानी समजत. तरी भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले; त्या तिघांची नावे आजही बुवांच्या नावाबरोबर घेतली जातात. 1901 साली पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि घराण्याबाहेरच्या माणसालाही विद्येचे दार उघडले. तेव्हा पुढे जाण्याबद्दल मला कोणी दोष देणार नाही. पण त्या रकान्याचे काय?

प्रवेश मिळाल्यावर पेढे घेऊन गेलो. बाईंनी विचारले, ‘‘अर्जात काय काय विचारतात रे?’’

तेवढ्यात गाडी आली. बाई सवयीने थांबल्या. ती गेल्यावर मी भलताच विषय काढला.