हिस्लॉपमधले कोच

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1953 साली अमेरिकेहून एक क्रीडाशिक्षक आले. मेथडिस्ट मिशनने पाठवलेले, वयाने पंचविशीचे, वर्णाने काळे आणि वर्षभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले. 1956 पर्यंत त्यांनी इथल्या मुलांना फुटबॉल, बास्केटबॉल शिकवलं आणि ते परत गेले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी अहिंसक लढ्याचे जगातले अग्रगण्य विचारवंत आणि डावपेचकार म्हणून ज्यांचं नाव घेतलं, ते जेम्स लॉसन हेच. नागपूरच्या गप्पांत मात्र हे नाव मी क्वचितच ऐकलं आहे.

लॉसन भारतात आले, त्यांना गांधी सापडले आणि ते अहिंसक झाले, अशी गोष्ट सांगायचा मोह होतो. आपल्याला ती आवडतेही, कारण तिच्यात देणारे आपण असतो. पण ती खरी नाही. अहिंसेपायी तुरुंगवास भोगूनच ते नागपूरला आले होते.

1928 साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेले लॉसन ओहायोतल्या मॅसिलॉन गावात वाढले. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. येशूची शिकवण सांगत आणि कमरेला पिस्तूलही बाळगत. आई जमैकाची, तिला हाणामारी मान्य नव्हती. लहानपणी एकदा रस्त्यात एका गोऱ्या मुलाने गाडीतून शिवी हासडली, तेव्हा छोट्या जेम्सने जवळ जाऊन त्याच्या थोबाडीत लगावली. घरी येऊन आईला ऐटीत सांगितलं. आई स्वयंपाक करत होती. मागे वळूनही न बघता तिने विचारलं, त्याने काय साधलं? हा प्रश्न लॉसन आयुष्यभर सांगत राहिले. त्यात नीतीचा उपदेश नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मारणं पाप आहे, असं ती म्हणाली नाही. हिशेब मागितला.

कोरियाच्या युद्धासाठी लष्करभरतीचं बोलावणं आलं. विद्यार्थी म्हणून किंवा होऊ घातलेले धर्मोपदेशक म्हणून त्यांना सवलत मिळू शकली असती. ती त्यांनी घेतली नाही आणि 1951 साली तीन वर्षांची शिक्षा घेतली. त्यातले सुमारे 13 महिने आत काढले. नाही म्हणायला एकटा माणूस पुरतो. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं. लॉसन तुरुंगात होते आणि कोरियातलं युद्ध चालूच होतं.

लॉसन यांच्यातलं खरं परिवर्तन इथून पुढचं आहे. स्वतःपुरता नकार देणारा माणूस, इतरांना घेऊन लढणारा कसा झाला? त्या दोन टप्प्यांच्या मध्ये नागपूर येतं. 1923 चा झेंडा सत्याग्रह ज्या शहरात झाला, सेवाग्राम जिथून काही तासांवर, तिथे तुरुंगात जाऊन आलेले मास्तर, वकील, कारकून गल्लोगल्ली होते. सत्याग्रह हा महात्म्यांचा प्रांत नसून चारचौघांना जमणारं काम आहे, हे पाहायला याहून बरी जागा कोणती असणार?

डिसेंबर 1955 मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराची बातमी वाचली. तिथल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला होता. हजारो माणसं पायी कामाला जात होती. लॉसन आनंदाने ओरडून उठले. जे आपल्या देशात घडावं म्हणून ते तयारी करत होते, ते त्यांच्याशिवायच सुरू झालं होतं!

परत गेल्यावर ओबर्लिन कॉलेजात फेब्रुवारी 1957 मध्ये किंग यांची भेट झाली. दोघंही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण संपवून दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाले. थांबू नका, आत्ताच या, असं किंग यांनी सांगितलं. लॉसन टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेले, तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले आणि त्यांनी एका चर्चमध्ये कार्यशाळा सुरू केल्या.

या कार्यशाळांपाशी जरा थांबायला हवं. कारण हिस्लॉपमधले कोच तिथे पुन्हा दिसतात. डायेन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफयेट, जेम्स बेव्हल अशी विशी-बाविशीतली मुलं येत. थोरो, गांधी, बायबल यांवर चर्चा होई, आणि मग खुर्च्या मांडून तालीम. निम्मी मुलं गोऱ्या गुंडांच्या भूमिकेत. त्यांनी शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. उरलेल्यांनी सहन करायचं, पण कसंही नाही. पडल्यावर अंग मुडपून डोकं आणि पोट कसं वाचवायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, एकावरच मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे सगळं ठरलेलं आणि घोटून घेतलेलं. संताप येणारच, हे गृहीत धरून त्याला काम लावून द्यायचं. कुस्तीगीर डाव अंगात मुरेपर्यंत पुन्हापुन्हा करतो, तसं.

13 फेब्रुवारी 1960 रोजी शंभरावर विद्यार्थी रविवारचे कपडे घालून, अभ्यासाची पुस्तकं घेऊन दुकानांतल्या लंच काउंटरवर जाऊन बसले. या दुकानांत काळ्यांना कापड विकत घेता येई, पण बसून सँडविच खाता येत नसे. 27 तारखेला गुंडांनी मुलांना बडवलं आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. एक तुकडी गाडीत घातली, की दुसरी तुकडी त्याच जागांवर येऊन बसे.

त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांचे सहकारी सांगत. चामडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन यांच्यावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडे शांतपणे रुमाल मागितला. गोंधळून त्याने दिलाही. तोंड पुसून, रुमाल परत करून लॉसन यांनी विचारलं, तुझ्याकडे मोटारसायकल आहे का? आणि मग गप्पा इंजिनावर गेल्या.

मराठी वाचकाला इथे एक शंका येईल आणि ती यायलाच हवी. ज्यांना पिढ्यानपिढ्या मार मिळाला, त्यांनीच पुन्हा मार खायची तालीम का करायची? लॉसन नागपूर सोडून गेले त्याच वर्षी, 14 ऑक्टोबरला, त्याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गांधींकडून काही मिळेल, ही आशा बाबासाहेबांनी कधीच सोडली होती. तरी 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला, तेव्हा आपल्या माणसांना त्यांनीच आवरलं होतं. संयमाचा पत्कर गांधींनी एकट्याने घेतलेला नाही.

शिवाय नॅशव्हिलचा लढा नुसत्या सोसण्यावर जिंकला गेला नाही. ईस्टरच्या ऐन हंगामात काळ्या कुटुंबांनी बाजारपेठेकडे पाठ फिरवली आणि गल्ले ओस पडले. लॉसन यांची अहिंसा सामनेवाल्याच्या हृदयावर जितकी भिस्त ठेवते, तितकीच त्याच्या खातेवहीवर. 19 एप्रिलला पहाटे आंदोलकांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा हजारो लोक मुक्याने चालत महापौरांकडे गेले. माणसामाणसांत असा भेद करणं योग्य आहे का, असं डायेन नॅशने महापौरांच्या कचेरीच्या भर पायरीवर महापौर बेन वेस्ट यांना विचारलं. योग्य नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. 10 मेला काउंटर उघडले. मार्चमध्येच व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं होतं, आणि पुढे निषेध म्हणून तिथल्या कित्येक प्राध्यापकांनी राजीनामे दिले.

ही पद्धत कुठे तुटते, तेही लॉसन यांच्याच आयुष्यात दिसतं. 1968 च्या फेब्रुवारीत टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतल्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे 1300 कामगार संपावर गेले. डावपेच समितीचे प्रमुख लॉसन होते, किंग यांना बोलावणारेही तेच. 28 मार्चच्या मोर्चात काही तरुणांनी काचा फोडल्या, पोलीस तुटून पडले आणि सोळा वर्षांचा एक मुलगा गोळीने मेला. कर्ण्यावरून लॉसन लोकांना मागे फिरायला सांगत राहिले. नॅशव्हिलच्या मुलांनी महिनोन्‌महिने तालीम केली होती. या गर्दीतल्या कित्येकांनी एक दिवसही केलेली नव्हती. ती कसर भरून काढायला किंग पुन्हा मेम्फिसला आले, आणि 4 एप्रिलला तिथेच मारले गेले.

त्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रे याला लॉसन तुरुंगात जाऊन भेटत राहिले. त्याचं लग्नसुद्धा त्यांनी लावून दिलं. मला हे झेपलं नसतं, आणि त्यांच्या अनेक मित्रांनाही ते पचलं नसावं.

1974 पासून ते लॉस एंजेलिसला होते. तिथे हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या आणि कचेऱ्या पुसणाऱ्या स्थलांतरित कामगारांना त्यांनी तीच विद्या शिकवली. त्यातले बरेच जण लॅटिन अमेरिकेतून आलेले होते. व्हँडरबिल्टने 2006 साली त्यांना शिकवायला परत बोलावलं आणि ते गेले. जून 2024 मध्ये, 95 व्या वर्षी, ते वारले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचं नाव 2021 सालीच दिलेलं होतं.