खडकात मुरवलेलं ऊन

भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. धरणांत पाणी साठवण्याचं काम पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याइतकं (वेल्हे आता कागदावर राजगड तालुका आहे) क्वचितच कुणी केलं असेल. साठा मात्र इथे राहत नाही. १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं, पानशेत-वरसगावचं पुण्याच्या नळांना. गावं इथली उठली, ओलिताखाली आली ती खालची रानं. आता दुपारची जादा सौर वीज साठवायला सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची चर्चा आहे: दिवसा पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, संध्याकाळी सोडून वीज करायची. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहेच. पण तीही वीज तारेवरून दूरच जाणार.

जमिनीत उष्णता साठवण्याची कल्पना मला म्हणूनच या तालुक्यांसाठी मोलाची वाटते. उष्णता लांब नेता येत नाही, वाटेतच निवते. अभियंते याला दोष म्हणतात. धरण उशाला आणि कोरड घशाला असं जगलेल्या वाड्यांना तो गुण वाटावा.

हिशेब पाहा. एक घनमीटर पाणी ३०० मीटर चढवलं तर त्यात एक युनिटही ऊर्जा साठत नाही. तेवढाच काळा पाषाण ३० अंशांनी तापवला तर सुमारे २० युनिट उष्णता मावते. तिची वीज करू गेलं तर हाती फारसं लागत नाही. उष्णता उष्णता म्हणूनच वापरायची. कॅनडात ओकोटोक्सला ५२ घरांच्या वस्तीने २००७ पासून उन्हाळ्यातलं ऊन १४४ बोअरमधून जमिनीत उतरवलं आणि हिवाळ्यात घरं उबदार ठेवली. पुढे थकली ती यंत्रणा, जमीन नव्हे.

आपल्याला घरं तापवायची नाहीत, भात वाळवायचा आहे. कापून पसरलेल्या इंद्रायणी भातावर अवकाळी सर आली की वर्षाची मेहनत काळी पडते. चाळिसेक अंशांची कोरडी हवा त्याला पुरते. एप्रिल-मेचं ऊन कापणीपर्यंत खडकात टिकायला हवं, एवढंच.

पण मधे पावसाळा आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं वर्षानुवर्षं टिकली ती जमीन कोरडी होती म्हणून; २००५ च्या पुराने त्यांची वाताहत केली. वेल्ह्याच्या झरे फुटणाऱ्या उतारावर तर वाहतं पाणी ऊब धुऊनच नेईल. तेव्हा भेगा नसलेला घट्ट कातळ शोधायचा. ज्या बोअरला पाणी लागलं, ती या कामी निरुपयोगी! कोरड्या गेलेल्या बोअरची यादी, जिचं आजवर कुणाला कौतुक नव्हतं, तोच इथला पहिला नकाशा. आणि हे एकट्या शेतकऱ्याच्या खळ्यापुरतं जमणार नाही. लहान साठ्याची ऊब भोवतालच्या खडकात लवकर झिरपते, म्हणून साठा अख्ख्या गावाचा हवा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अशी एक कोरडी जागा निवडावी, भात गिरणीशेजारी प्रयोग करावा, आणि पहिला भात त्याच गावचा वाळवावा.